पंगतीतून उठवलेला माणूस

सत्यशीलाबाईंना दारूच्या बाटलीची जेवढी किळस नव्हती, तेवढी प्यालेल्या तोंडाची होती. बाटली बापडी कोपऱ्यात गप उभी राहते. तोंड जवळ येतं, "अगं, ऐक तरी" म्हणतं, ओठांच्या कडांना पांढरं चिकट काहीतरी साचलेलं असतं आणि आतून जी वाफ येते ती नासलेल्या मळीची. देवळाली प्रवरेत उभा जन्म काढलेल्या बाईला मळीचा वास नवा नव्हता. ऊस तुटायला लागला, कारखान्याचं धुराडं पेटलं, की वारा फिरेल तसा तो वास सगळ्या शिवारावर पसरतो. पण तो दुरून येतो. हा उशाशी यायचा.

त्यांचे मालक राधाकृष्ण, ज्यांना सगळं गाव आप्पा म्हणायचं, कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरीला होते. नोकरी होती तोवर सुपारीचं खांडसुद्धा तोंडात नसायचं. निवृत्त झाले आणि हातात रिकामी संध्याकाळ आली. कॅनॉलच्या कडेला एका दोस्ताची पाण्याच्या मोटारीची खोली होती, तिथं चार रिकामे म्हातारे जमायचे. आधी लग्नाकार्याला, मग बाजारच्या दिवशी, आणि मग दिवस उगवला म्हणून.

शुगर मात्र नोकरीतच लागली होती, आणि तिच्याबद्दल आप्पांचं स्वतःचं एक शास्त्र होतं. गोड ते सगळं वैरी, कडू ते सगळं सोयरं. सकाळी कारल्याचा रस, त्यावर भिजवलेली मेथी, चैत्रात कडुनिंबाचा पाला. आणि संध्याकाळी खोलीवरची ती.

"ही बी कडूच हाय की!" लेक पुण्याला नोकरीला होता; घरी असलेल्या सुनेला, स्नेहलला, ते समजावून सांगायचे. "साखरेचा कण न्हाई हिच्यात. मोबाईलवर सोता वाचलंय मी."

"बाबा, त्याच्या खाली आणखी काय काय लिहिलेलं असतं, तेही वाचा."

"तेवढं बारीक दिसत न्हाई मला."

सत्यशीलाबाई असल्या वादात पडत नसत. त्यांचा एकच नेम होता, दारूच्या तोंडाला या चुलीवरचं अन्न मिळणार नाही. हा नेम त्यांनी देवळातून घरी आणला होता. सप्ताहाच्या शेवटी काल्याचं कीर्तन झालं, की महाप्रसादाची पंगत बसते. त्या पंगतीत कुणी पिऊन बसलेला दिसला, तर वाढपी त्याला उठवतात. मग तो सरपंचाचा मेव्हणा असो नाहीतर कीर्तनकाराचा चुलता. बाईंना ते फार पटलं होतं. भाकरी थापताना त्यांच्या ओठांवर नाम असायचं, पिठाच्या प्रत्येक गोळ्याबरोबर एकदा. ती नामाची भाकरी त्या घाणीत सोडायची? छे. आप्पा झुलत आले की ताट धुऊन पालथं पडायचं. आप्पाही कधी मागायचे नाहीत. भिंतीकडं तोंड करून उपाशी झोपायचे.

गोळी मात्र बाई चुकवू द्यायच्या नाहीत. सकाळी न्याहारीच्या आधी एक, संध्याकाळी जेवणाच्या आधी एक. स्वतःच्या हातानं त्यांच्या तळहातावर ठेवायच्या आणि गिळेपर्यंत उभ्या राहायच्या, प्यालेले असोत की नसोत. औषध देणं हा बायकोचा धर्म, अन्न न देणं हा देवाचा. दोन्ही धर्म त्या एकाच निष्ठेनं पाळत होत्या.

कधीकधी सकाळी आप्पांचं अंथरूण पिळून काढावं इतकं ओलं असायचं. दारूच घामातून निघती, असं म्हणून बाई ती चादर काठीच्या टोकानं उचलून मोरीत टाकायच्या आणि तिच्यावर उकळतं पाणी ओतायच्या. पाणी ओततानासुद्धा तोंड फिरवून.

पौषातला सप्ताह आला. काल्याच्या दिवशी त्यांच्या घरी चूल पेटत नसे. घोटभर चहा, तोही आप्पांना बिनसाखरेचा, आणि मग महाप्रसाद हेच दिवसाचं पहिलं अन्न. सासूबाईंच्या वेळेपासूनची ती रीत. सकाळी बाईंनी नेमानं गोळी दिली.

"आज तरी नीट ऱ्हावा. काला हाय."

"मी काय येडा हाय व्हय?" आप्पा टोपी झटकत म्हणाले. "मांडवात पत्रावळ्या मोजायला बोलावलंय मला."

त्या दिवशीचं कीर्तन असं रंगलं, की ऐकणाऱ्याला पोट आहे याचाच विसर पडावा. मृदंगावर थाप पडली, की छातीच्या आत कुणीतरी दार ठोठावतंय असं वाटायचं. टाळकरी डुलत होते. महाराजांचा आवाज वर चढला, की मांडवाचं कापडसुद्धा वारा लागल्यासारखं हलायचं. गोपाळांच्या शिदोऱ्या सुटल्या. कुणाची शिळी भाकर, कुणाचं ताक, कुणाचं नुसतं मीठ-तेल, सगळं देवानं एकात कालवलं. कुणाच्या तोंडचं काढून कुणाला भरवलं, आपणही खाल्लं, बोटं चाटली. उष्टं कशाला म्हणतात ते त्या अंगणात कुणाला ठाऊकच नव्हतं, असं महाराज म्हणाले आणि सत्यशीलाबाईंच्या डोळ्यांना धारा लागल्या. शेजारची भागूबाईही पदर डोळ्याला लावून बसली होती. महाराज रंगात आले आणि वेळ लांबली. हंडी फुटली, लाह्या उधळल्या, तेव्हा सूर्य पार कलला होता.

पंगत बसली. अलीकडं बाया, पलीकडं बाप्ये, मधून वाढप्यांची वाट. पुऱ्या, बुंदी, शाकभाजी, आमटी. कानिफनाथ, वाढप्यांचा म्होरक्या, आमटीची बादली घेऊन बाप्यांच्या रांगेतून चालला होता, तो मधेच थांबला.

आप्पा पत्रावळीवर वाकून बसले होते. टोपी एका कानावर. पुरीचा तुकडा मोडायला बोटं जात होती आणि पुरी सोडून जमिनीलाच चिमटे घेत होती. मधेच स्वतःशी हसत होते. लाळेचा एक धागा हनुवटीवरून लोंबत पत्रावळीपर्यंत पोचला होता, आणि वारा आला की हलत होता. दोन्ही बाजूंची माणसं सरकून बसली होती.

"आप्पा, तीर्थ लई झालं वाटतं आज!" कुणीतरी म्हणालं आणि रांग हसली.

कानिफनाथानं बादली खाली ठेवली. "आप्पा, उठा. तुमी मागनं बसा."

"भूक लागली रं कानिफा," आप्पा म्हणाले. जीभ जड होती. "लई भूक. आत आग पडली."

"आग कशाची ते कळतंय आमाला. उठा."

"वाढ रं. आमटी तरी वाढ."

कानिफनाथाला सुधरेना. वयानं मोठा माणूस, गावात मान असलेला. त्यानं बायांच्या पंगतीकडं बघितलं. "वैनी, काय करू?"

सगळ्या माना वळल्या. सत्यशीलाबाईंची नजर आप्पांवर गेली. ती लाळ, ती वाकडी टोपी, ते बावळट हसू. आणि हे आपलं, देवाच्या दारात, काल्याच्या दिवशी, साऱ्या गावादेखत आपलं.

"उठवा," त्या म्हणाल्या. "नेम सगळ्यास्नी एकच."

दोघांनी बगलेत हात घालून आप्पांना उठवलं. त्यांचे पाय नुसते घासत गेले. पत्रावळ होती तशी गुंडाळली गेली, न चाखलेल्या बुंदीसकट.

"बरं केलंस बाई," भागूबाई कुजबुजली. "आमच्या ह्यांना उठवायची माझी छाती झाली नसती."

सत्यशीलाबाईंनी ताठ मानेनं घास घेतला. बुंदी तोंडात फिरत राहिली, खाली उतरेना.

दुसरी पुरी वाढली जात होती तेवढ्यात स्नेहल मांडवाच्या मागून लगबगीनं आली आणि सासूच्या कानाशी वाकली.

"आई, बाबांचा शर्ट भिजलाय. हात लावला तर गार घाम. एवढ्या थंडीत!"

"वकले असतील, त्यानं भिजला."

"ओकलेतही. पण घाम आहे, आई. हात थरथरतायत. मला ओळखत नाहीत."

"पेल्यावर ते मला बी वळखत न्हाईत." भागूबाई फिसकन हसली. "पडू दे तितंच. उतरली म्हंजी येतील घरी."

पंगतीत समोरच डॉक्टर नीलांबरी जेवत होत्या. गावात त्यांचा दवाखाना, आणि दर वर्षी काल्याचा प्रसाद घ्यायला त्या यायच्याच. त्यांनी हातातली पुरी खाली ठेवली. "स्नेहल, ते शुगरच्या गोळ्या घेतात ना?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता उठल्या.

त्या उठल्या म्हणून सत्यशीलाबाईंना उठावं लागलं. लोकांसमोर बसून कसं राहायचं?

मांडवामागं, पत्रावळ्यांच्या ढिगापाशी, ट्रॉलीच्या चाकाला टेकवून आप्पांना बसवलं होतं. बसवलं म्हणजे नुसतं लावून ठेवलं होतं, पोतं ठेवतात तसं. शर्टावर, विजारीवर पिवळं आंबूस पाणी. माश्या त्यावर बसत होत्या, उठून तोंडावर बसत होत्या, आणि आप्पांचा हात त्यांना हाकलायला वर येऊन वाटेतच विसरून पडत होता. एक कुत्रं जवळ येऊन हुंगून गेलं. चार जण घोळका करून उभे होते, एकानं मोबाईल वर धरला होता आणि पुरी चावत चावत तो शूट करत होता. सत्यशीलाबाईंना त्या चावणाऱ्या जबड्याचीही शिसारी आली.

डॉक्टरांनी गाडीतून पिशवी आणवली, आप्पांचं बोट टोचलं, थेंब पट्टीवर घेतला. यंत्राकडं बघून त्यांचा चेहरा बदलला.

"अडतीस," त्या म्हणाल्या. "स्नेहल, आचाऱ्याकडून साखर आण. मूठभर, आणि पाणी. पळ!"

"साखर?" सत्यशीलाबाईंना ऐकलेलं खरं वाटेना. "डॉक्टरीणबाई, ह्यांना शुगर हाय! वर दारू पेलेत."

"प्यालेत हे खरं. पण आत्ता जे बघताय ना मावशी, ती सगळी दारू नाही. अंगातली साखर संपत आलीय. सकाळची गोळी घेतली होती?"

"म्या दिली. सोताच्या हातानं."

"आणि खाल्लं काय?"

बाई मनाशी मोजू लागल्या. सकाळपासून घोटभर चहा, बिनसाखरेचा. पंगतीत पुरीचा तुकडा मोडता मोडता उठवलं.

"डोकं धरा त्यांचं," डॉक्टर म्हणाल्या. "गिळता येतंय का ते आधी बघू. गिळता आलं नाही तर थेंबसुद्धा घालायचा नाही, छातीत जाईल. तसंच उचलून दवाखान्यात न्यायचं. हाक मारा, तुमचा आवाज ओळखतील."

सत्यशीलाबाई खाली बसल्या. काल्यासाठी नेसलेलं नवं लुगडं त्या घाणीत बुडालं. त्यांनी आप्पांचं डोकं दोन्ही हातांत धरलं. केस ओले, गार, चिकट, गोगलगाईच्या अंगासारखे. तोंडातून वास आला आणि त्यांच्या घशात कडू पाणी वर आलं. मान फिरवायची सवय इतकी मुरलेली, की ती आपोआप फिरली. फिरवून चालणार नव्हतं. पुन्हा समोर आणली.

"अहो. अहो, मी हाय. घोट घ्या."

आप्पांनी दात आवळले. चमचा दातांवर वाजला. मग "घूं" करून त्यांनी जे तोंडात होतं ते फुर्रकन बाहेर उडवलं, थेट बाईंच्या गालावर. साखरपाणी, लाळ आणि काय काय. मोबाईलवाला हसला. बाईंना भडभडून आलं. त्या एका अंगाला वळल्या, कोरडी ओकारी आली, दोनदा. डोळ्यांत पाणी आलं ते मघाच्या कीर्तनातलं नव्हतं. गाल न पुसताच त्यांनी पुन्हा चमचा घेतला.

"घ्या म्हणते ना!" त्या ओरडल्या. "मेल्यावर कुणाला शिव्या घालू मी? घ्या!"

ओरडण्यानं की कशानं, पण घसा हलला. एक घोट गेला. डॉक्टर म्हणाल्या, "जातोय, द्या." मग दुसरा. साखरेचं पाणी बाईंच्या हातावरून ओघळत कोपरापर्यंत गेलं, माश्या आता त्यांच्याही हातावर बसू लागल्या. पेला रिता झाला तेव्हा आप्पांनी डोळे नीट उघडले, भोवतीच्या पायांकडं बघितलं, बायकोच्या तोंडाकडं बघितलं.

"सत्यशीला," ते म्हणाले, "तुला कुणी भिजीवलं गं?"

दवाखान्यात आप्पांना सलाईन लावलं. गोळीचा अंमल लांबतो, साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून रात्रभर ठेवणार होते. तोंड धुऊन, कपडे बदलून उशाला टेकलेले आप्पा आता हुशारीत आले होते. सत्यशीलाबाई भिंतीशी स्टुलावर बसल्या होत्या. साबणानं किती वेळा तरी धुतलेला हात अजून पदराला पुसत होत्या.

डॉक्टरांनी खुर्ची ओढली. "आप्पा, किती घेतली होती?"

"थोडीच. कीर्तन लांबलं, तवा खोलीवर जाऊन आलो. कडू असती ती, डॉक्टरीणबाई. शुगरला कडू बरं. म्हनून आपलं."

"कारलं कडू असतं तशी दारू कडू नसते, आप्पा. दारू पोटात गेली की लिव्हर तिच्याच मागं लागतं. एरवी उपाशी माणसाला लिव्हर थोडी थोडी साखर पुरवतं, ते काम तेवढ्यापुरतं बंद. वर तुमची गोळी साखर उतरवतेय. वर पोट रिकामं. तिन्ही एकदम झालं. आणि वास तर दारूचा, झोकांड्याही तशाच, मग बघणारा मदत कशाला करेल? झोपेतही होतं असं. मध्यरात्री, पहाटे. घामानं अंथरूण भिजतं का कधी?"

आप्पांनी बायकोकडं बघितलं. बाईंनी छताकडं.

"सोडा तुम्ही," डॉक्टर म्हणाल्या. "माझा सल्ला तोच आहे. पण सोडेपर्यंत मेला नाहीत तर सोडाल. म्हणून सांगते. रिकाम्या पोटी एक घोटसुद्धा नाही. आधी जेवण, नीट भाकरी-भात खाऊन. मग घ्यायचीच झाली तर अगदी थोडी, आणि एकट्यानं नाही. खोलीवरच्या मंडळींना सांगून ठेवायचं, मी बरळायला लागलो तर हसू नका, साखर द्या. खिशात साखर ठेवा. झोपायच्या आधी शुगर तपासा. आणि जेवण होणार नसेल त्या वेळची गोळी घ्यायची नाही."

"म्हंजी थोडी चालती म्हना की!" आप्पांचा चेहरा उजळला.

"बघा!" सत्यशीलाबाई स्टुलावरून उठल्याच. "बघा, तेवढंच ऐकलं. आन तुमी बी डॉक्टरीणबाई, शिकल्यासवरल्या, दारुड्याला पेण्याची रीत शिकवताय?"

"रीत त्यांना तुमच्या माझ्या आधीची येते, मावशी. त्यातून जिवंत घरी कसं यायचं, तेवढं सांगतेय. आणि तुम्हालाही सांगायचंय. पिऊन आले तर तुम्ही जेवायला देत नाही, असं स्नेहल म्हणाली."

"न्हाई देत. देणार बी न्हाई. मग गोळी बी देत न्हाई, झालं?"

"नाही झालं. दारू आणि उपास, एवढी दोनही पुरतात साखर उतरायला कधीकधी." डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "रागवा, बोलू नका, वाटलं तर लेकाकडं पुण्याला निघून जा. पण घरात असाल तर ताट द्या. पिऊन आले असले तर आधी द्या."

बाई पुन्हा स्टुलावर बसल्या. त्यांना डॉक्टरांचाही राग आला होता, गादीवर ओशाळं हसणाऱ्या त्या माणसाचा आला होता, आणि सगळ्यांत जास्त त्या काठीनं उचललेल्या चादरींचा. किती चादरी उकळल्या होत्या त्यांनी, आणि किती सकाळी हा माणूस नुसत्या नशिबानं उठला होता. ज्याला त्या सोवळं समजत होत्या, त्याचाच आता त्यांना वास यायला लागला.

पुढचे काही दिवस आप्पा खोलीवर फिरकले नाहीत. देवळातही गेले नाहीत. मोबाईलवरची ती फिल्लम गावभर फिरली होती. कानिफनाथ एकदा येऊन ओसरीवर बसून गेला, "आप्पा, माझं चुकलं," म्हणाला. आप्पा म्हणाले, "तुझं काय चुकलं रं? नेम हाय." बाईंना वाटलं, सुटली दारू.

मग एका दिवेलागणीला आप्पा आले. दारातूनच कळलं. मळीचा तोच वास, पायांची तीच चाल. चप्पल काढून ते घरात आले नाहीत, बाहेर ओट्यावरच बसले.

स्नेहल ताट घ्यायला उठली. "थांब," सत्यशीलाबाई म्हणाल्या. त्यांनी स्वतः भाकरी वाढली, वाटीत आमटी, चमचाभर भाजी. पदर नाकाला लावला आणि ताट ओट्यावर नेऊन ठेवलं.

आप्पांनी ताटाकडं बघितलं आणि हातानं ते बाजूला सारलं.

"नको."

"का?"

"दारूच्या तोंडाला तुझं अन्न न्हाई. मला ठावं हाय. पंगतीतनं उठवलेला मानूस हाय मी. मी न्हाई बाटवायचा."

ते चिडून बोलत नव्हते. तेच वाईट होतं. चिडले असते तर बाईंनीही दोन शब्द सुनावले असते. हा माणूस तर त्यांचा नेम त्यांच्यापेक्षा कडक पाळत होता. इतकी वर्षं भिंतीकडं तोंड करून तो रुसून झोपत नव्हता, हे त्यांना आता कळलं. त्याला ते खरंच वाटत होतं, आपलं तोंड अन्नाच्या लायकीचं नाही म्हणून. फक्त प्यायचं काही थांबत नव्हतं.

"सकाळची गोळी पोटात हाय ना?"

"हाय."

"वर ही घाण वतलीय ना?"

"व्हय."

"मग जेवा."

"तुला किळस येती."

"येती!" बाई फाटकन म्हणाल्या. गल्लीत कुणी ऐकलं तरी त्यांना फिकीर नव्हती. "लई येती. आत्ता बी पोटात ढवळतंय. तुमाला काय वाटलं, त्या दिशी तोंडावर थुकून घेतलं म्हंजी माझी किळस गेली? ती जायची न्हाई. उद्या बी मी म्हननार पिऊ नगा, परवा बी म्हननार. पन माझ्या किळसेपायी तुमाला मरू देनार न्हाई. धरा ते ताट."

आप्पा ताटाकडं वळले. मग ताट हळूच पुढं ओढलं. हात धुतलेला नव्हता, बाईंनी तांब्या पुढं केला. पहिला घास घेताना आमटी मिशीवर सांडली, हनुवटीवरून शर्टात गेली. चावताना मचमच आवाज येत होता, दारूचा आणि लसणाचा मिळून एक नवाच वास ओट्यावर पसरला. सत्यशीलाबाईंनी पदर आणखी घट्ट धरला.  तरी त्या समोर बसल्या, पायरीवर, त्यांच्या तोंडाकडं बघत. घास गिळला की नाही, हे बघितल्याशिवाय कळत नाही.

"हळू," त्या म्हणाल्या. "कुनी उठवत न्हाई."

भाकरी संपत आली तसं आप्पांनी मान वर न करता विचारलं, "अजून अर्धी हाय?"

बाई आत गेल्या, अर्धी भाकरी घेऊन आल्या आणि वरूनच ताटात टाकली, त्यांच्या बोटांना बोट लागू न देता. मग पुन्हा पायरीवर बसल्या.